तीन आखूड, तीन लांब

चिलोए बेटाच्या पश्चिम अंगाला, कुकाओच्या मागच्या रानात
पाऊस जुना भाडेकरू आहे, खोली सोडत नाही.
मी शेवाळात गुडघे टेकून बसले आहे, हातात पट्टी,
मांडीवर सान्तियागोहून आलेला तक्ता, रकाने दोन:
कोपिवे. कोईकोपिवे.
दोन्ही एकाच कुळातल्या,
दोघींची फुलं खाली मान घातलेल्या घंटांसारखी,
दोघींच्या दारी तोच एक हिरवा गुंजनपक्षी उधारीवर येतो.
फरक नोंदवा, असं वर छापलंय.

नोंदवते.
कोपिवे वेल आहे. दिसेल त्या फांदीला वळसे घालत
वर, आणखी वर, उजेड लागेपर्यंत.
पान रुंद, शिरा ठसठशीत,
फूल मेणाचं वाटावं इतकं घट्ट.
कोईकोपिवे कमरेएवढं झुडूप.
पान अरुंद, कडा आत मुडपलेल्या,
घाईत दुमडून खिशात कोंबलेल्या चिठ्ठीसारखं,
उलटं केलं की पांढुरकं.
तीही कधी खोडावर चढते,
पण शेवाळाच्या आडून,
उशिरा घरी येणारं माणूस भिंतीला धरून जिना चढतं तशी.

ओर्तेन्सिया गुएंतेओ माझी वाटाडी. वय एकाहत्तर.
पाठीवर टोपली, कोपिवेच्या वेलीचीच विणलेली.
"एवढं काय मोजतेस?" म्हणाली,
आणि दोन्हींचं एकेक फूल तोडून माझ्या तक्त्यावर ठेवलं.
ओल्या कागदावर रकान्यांची शाई पसरली.
"हे बघ. हिच्या सहा पाकळ्या एका पंगतीला बसलेल्या.
कुणाला कमी वाढलेलं नाही.
आता हिच्या बघ.
आतल्या तीन लांब, गुलाबी.
बाहेरच्या तीन आखूड. उंबऱ्याशीच थांबलेल्या."

मी पट्टी लावली.
बाहेरची, अठरा मिलिमीटर.
आतली, छप्पन्न.

"आम्ही सहा भावंडं," ती म्हणाली.
"होडी एक, बटाट्याचा तुकडा एक.
थोरले तिघे मेंढ्या कातरायला दक्षिणेला गेले,
आबेलिनो, सेल्सो, फ्रोईलान.
सेल्सो सतरा वर्षांचा होता.
कळी झाकायला कुणीतरी लागतंच ना?
वारा त्यांनी खाल्ला.
मी आतली. सहावीपर्यंत शिकले."
मग तिने ओठ वर उचलून कवळी दाखवली.
"हे दातसुद्धा सेल्सोचे.
म्हणजे पैसे त्याचे."
आणि एवढी हसली की
फांदीवरचा पक्षी उडून गेला.

मी विषय बदलला. मला तेवढंच जमतं.
सांगितलं, म्हणे फार पूर्वी समुद्रापार,
एका काचेच्या घरात
कुणी माळ्याने या दोघींचा संकर केला होता.
रोप जगलं, बी काही धरलं नाही.
"काचेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत?" ओर्तेन्सिया म्हणाली.
"मीसुद्धा धरलं नसतं."

परतताना ती पुढे, मी मागे.
दलदल आली की काठीने दाखवायची,
इथे पाय ठेव, इथे नको.
फ्रोईलान कुठे पुरलाय ते तिला माहीत नाही.
हे तिने पाठमोरंच सांगितलं,
दलदलीबद्दल सांगावं त्याच आवाजात.

रात्री चुलीशेजारी नमुने दाबायला घेतले.
जुनं वर्तमानपत्र, फुटबॉलच्या निकालांचं पान.
कोपिवे जशी होती तशी आडवी केली,
ती कशीही ठेवली तरी नीट दिसते.
कोईकोपिवेला वेळ लागला.
त्या तीन आखूड पाकळ्या
लांबड्या पाकळ्यांना चिकटून बसल्या होत्या,
चिमट्याने एकेक सोडवून
वेगळी पसरली,
प्रत्येकीखाली टिपकागदाचा कपटा सरकवला.
नियमावलीत हे कुठे लिहिलेलं नाही.
एकीची कड फाटली.
'शेरा' या रकान्यात मी लिहिलं, कड फाटली,
आणि वर दगड ठेवला.